नळीमास्तर

जगदाळेमास्तरांपुढे बंदूक ठेवली की ते आधी तिचा वास घ्यायचे. डोळे मिटून, दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत, सावकाश. मग बंदूक आणणाऱ्याकडे न बघताच विचारायचे, "खोबरेल कुणी घातलं हिच्यात?"

माणूस चपापायचा. खोबरेल त्यानेच घातलेलं असायचं.

"डोक्याला लावायचं तेल ते. हिला काय वेणी घालायचीय?"

बंदूक म्हणजे छऱ्याची, हवेवर चालणारी. नळी मधोमध मोडून खाली दाबायची, म्हणजे आतली स्प्रिंग आवळली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, चामड्याचं वॉशर लावलेला दट्ट्या पुढे धावतो, आणि त्याने ढकललेल्या हवेबरोबर तुरीच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा बाहेर पडतो. खडकी-देहूरोडचे गोरे साहेब देश सोडून गेले तेव्हा जाताना असल्या बंदुका कुणी खानसाम्याला दिल्या, कुणी माळ्याला. तिथून त्या बाजारात आल्या, बागाईतदारांच्या खुंट्यांवर लटकल्या, आणि बिघडल्या की चिंचवडला आमच्या बोळात आल्या. त्यांचं सगळं दुखणंखुपणं काढणारा माणूस त्या सगळ्या पट्ट्यात एकच होता. लोक त्यांना नळीमास्तर म्हणत. तोंडावर जगदाळेमास्तर.

मी जामखेडकडचा. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा मी चिंचवडच्या पोस्टात बदलून आलो आणि नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात दोन खोल्या घेतल्या. पहिल्याच संध्याकाळी आम्ही ट्रंका उघडत होतो, तर भिंतीपलीकडून दरडावणी ऐकू आली.

"खरं सांगा! काढलात ना?"

"नाही हो मास्तर, आईशपथ."

"आईला मध्ये आणू नका. किती काढलेत? दहा? वीस?"

"दोनच काढले. मेव्हण्याला दाखवायला."

"वाटलंच मला!"

माझी बायको कुसुम हातातला तवा तसाच धरून उभी राहिली. "अहो," ती हळूच म्हणाली, "शेजारी फौजदार राहतो की काय?"

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. नळीत छर्रा न भरता नुसताच चाप ओढणं म्हणजे कोरडा बार. पुढे छर्रा नसला की दट्ट्याला अडवायला काही नसतं, तो जाऊन थाडकन आपटतो, वॉशर फाटतं, स्प्रिंग तुटते. मास्तरांच्या लेखी मनुष्यजातीचा हा सर्वांत मोठा अपराध होता. दारात आलेल्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न हाच. लोक पोलिसापुढे कबूल करणार नाहीत इतक्या लवकर मास्तरांपुढे कबूल करत.

पुढे पुढे हा शब्द त्यांनी इतका ताणला की तो कशालाही लागू व्हायला लागला. निवडणुकीत कुणी उमेदवार चावडीपुढे तासभर बोलला, की मास्तर शेवटी उठून धोतर झटकत आणि म्हणत, "कोरडा बार. स्प्रिंग तुटणार ह्याची." एकाने मुलगी बघितली, पोहे खाल्ले आणि महिना झाला तरी काही कळवलं नाही, तोही कोरडा बार. माझी बढती होणार होणार म्हणून मी सहा महिने बोललो आणि झाली नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हटलं, "मास्तर, नका बोलू." ते बोलले नाहीत. एवढा विचार त्यांना होता.

माणूस उंच, काटकुळा, मिशी पांढरी. उभी हयात एक डोळा मिटून नळ्यांमधून बघण्यात गेल्यामुळे डावा डोळा कायमचा अर्धा मिटलेला राहिला होता. ओळखीच्यांना त्याचं काही वाटत नसे. नवख्यांना वाटे की मास्तर डोळा मारताहेत. नवीन आलेल्या एका भाजीवालीने तर पाटलाकडे जाऊन तक्रार केली. पाटलाने मास्तरांना बोलावून विचारलं, तर मास्तर म्हणाले, "बाईंच्या तराजूचा काटा वाकडा आहे. मी तो बघत होतो." तराजू आणवला. काटा खरंच वाकडा निघाला. भाजीवाली पुन्हा आमच्या बोळात आली नाही.

मूळचे ते साताऱ्याकडचे. पलटणीत हत्यारं दुरुस्त करायचं काम केलं, दोन लढाया पाहिल्या, शेवटी देहूरोडच्या डेपोतून सुटले आणि गावी न जाता इथेच राहिले. का राहिले, हे मी एकदाच विचारलं. ते एका चापाशी झटापट करत होते. "गावी कोण आहे?" ते म्हणाले. "मी बसऱ्याला होतो तेव्हा बायको गेली. बाळंतपणात. पत्र तीन महिन्यांनी पोचलं. तो बारका स्क्रू द्या इकडे." मी स्क्रू दिला.

कुसुमशी त्यांची ओळख स्टोव्हमुळे झाली. आमच्या रॉकेलच्या स्टोव्हचा पंप हवा धरेना. तो रात्रंदिवस कुरकुरत होता, भिंत पातळ होती. एका सकाळी मास्तर दारात. "वहिनी, तुमच्या स्टोव्हचं वॉशर वाळलंय. तीन दिवस ऐकतोय मी, झोप लागत नाही." त्यांनी पंप उघडला, आतलं चामड्याचं वॉशर काढून तेलात भिजत घातलं आणि मोठ्या मायेने म्हणाले, "हीसुद्धा हवाई बंदूकच आहे. गरीब घरात पडली बिचारी." सायकलचा पंप, हातपेटी, फुटबॉल, जिथे जिथे हवा दाबली जात होती तिथे तिथे मास्तरांची भाऊबंदकी होती. वाण्याच्या पोटाविषयीही त्यांचं एक मत होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बंदूक ओळखण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वास झाला की ते दस्त्यावरून अंगठा फिरवत आणि लाकूड सांगत. मग नळी मोडायला लावत आणि कान देत. "इंग्लिश. बर्मिंगहॅमकडची. मधे एकदा उघडलीय, आणि उघडणारा डावखुरा होता." हे डावखुऱ्याचं त्यांना कसं कळे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मोशीचे एक बागाईतदार, धोंडिबा म्हणून, एकदा बंदूक घेऊन आले. नळी धनुष्यासारखी वाकलेली.

मास्तरांनी वास घेतला आणि बंदूक खाली ठेवली. "हिला वंगण लागलंय गाडीचं."

"लागलं आसंल कुटंतरी," धोंडिबा म्हणाले.

"धोंडिबा, हिनं बैलगाडीचं चाक उचललंत तुम्ही."

धोंडिबांनी छताकडे पाहिलं. "पहार घरी ऱ्हायली व्हती, मास्तर. गाडी वढ्यात रुतली. मंग काय करावं मान्सानं?"

"गाडी तिथंच सोडायची! चार दिवसांनी वढा आटला असता!"

ती नळी सरळ करायला त्यांना अकरा दिवस लागले. रोज दोन हलके ठोके, मग आरपार बघणं, मग सुस्कारा. अकराव्या दिवशी मला आरपार बघायला लावलं. मला पलीकडे गोल उजेड दिसला. "काय दिसतंय?" "उजेड." "नुसता उजेड? अहो, केवढा गोल आहे बघा तरी!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एका पुऱ्या डोळ्यात, एका अर्ध्या.

एकदा एका जुन्या जर्मन बंदुकीचा चापाजवळचा स्क्रू सारखा ढिला होई. मास्तरांच्या मते दोष कारखान्याचा होता. ती बंदूक पहिल्या लढाईच्याही आधीची होती, पण मास्तर म्हणाले, "मग काय झालं? चूक ती चूक. त्यांना कळवायला हवं." मी पोस्टातला आणि इंग्रजी लिहिणारा, म्हणून मला बसवलं.

"लिहा. महाशय, आपल्या कारखान्यातली माणसं कामचुकार आहेत."

मी लिहिलं, आपला माल उत्तम आहे, परंतु एका बाबतीत विनंती करावीशी वाटते.

"वाचा बघू काय लिहिलंत."

मी मराठीत वाचून दाखवलं, त्यांना हवं होतं तसं. ते खूश झाले. बंदुकीवरचा पत्ता बघून पत्र जर्मनीला गेलं. पुढचे आठ महिने मी पोस्टातून घरी आलो की ते नुसती मान उडवून विचारत आणि मी नुसती मान हलवत असे. शेवटी उत्तर आलं. कारखान्याने कळवलं होतं की लढाईनंतर आम्ही बंदुका करत नाही, दारांच्या बिजागऱ्या करतो. सोबत चित्रांची यादी जोडली आहे.

मास्तरांनी दोन दिवस कुठल्याच बंदुकीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती यादी घेऊन माझ्याकडे आले. "बिजागऱ्या बऱ्या दिसतात हो," ते म्हणाले. मग एका चित्रावर बोट ठेवून ओरडले, "पण बघा, बघा! स्क्रू तोच घातलाय!"

आणि नेम. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते दुरुस्तीला आलेल्या सगळ्या बंदुकांची पूजा करत, आणि दसऱ्याला नदीकाठच्या चिंचेखाली उभे राहत. तीस पावलांवरून चिंच पाडायची. चिंचेला छर्रा लागता कामा नये, देठ तुटला पाहिजे. बघायला कासारवाडीपासून मोशीपर्यंतची माणसं येत. मी तीन दसरे पाहिले. एकदाही चुकले नाहीत. जिवंत पाखरावर त्यांनी कधी नेम धरला नाही; धरणाऱ्याची बंदूक ते "वेळ नाही" म्हणून परत करत. पण चिंच पडली की अंग असं काही ताठ होई की पलटणीने सलामी दिल्यासारखं वाटावं. "उभ्या जन्मात चुकलो नाही," हे ते वर्षातून एकदाच म्हणत, पण पुऱ्या आवाजात.

आता सोनाबाईंचं सांगतो.

मोशीची जत्रा आठ दिवसांवर आली होती. एका दुपारी आमच्या बोळाच्या तोंडाशी बैलगाडी थांबली आणि पस्तिशीची एक बाई पोत्यात गुंडाळलेल्या दोन बंदुका खांद्यावर टाकून आली. गाडीत एक बोळकी म्हातारी बसून एक लाल फुगा फुगवत होती.

"नळीमास्तर ते तुमीच का?" बाईने विचारलं.

"जगदाळेमास्तर," मास्तर म्हणाले.

"मी सोनाबाई. खेडाकडची. जत्रंत फुगं मारायचं दुकान लावतो आमी. मालक मागल्या साली गेलं. तवापास्नं बंदुका बी रुसल्यात. येकीचा छर्रा नळीतनं निगतुया आन पायावर पडतुया. काल येकाच्या आंगठ्याला लागला, तर तो बक्षीस मागाया लागला."

मास्तरांनी पहिली बंदूक नाकाशी नेली. "तंबाखू," ते म्हणाले. "करडईचं तेल. आणि… पेढा?"

"आगं बया!" सोनाबाई दोन पावलं मागे सरली. "आदी पेडं इकायचं की मालक!"

गाडीतून म्हातारी ओरडली, "काय म्हनतुया गं त्यो?"

"तुमच्या लेकाचा वास आला म्हनत्यात!"

म्हातारीने फुगा सोडून दिला. तो फुर्रर्र करत बोळभर फिरला. ती सोनाबाईंची सासू. दुकानाचे सगळे फुगे ती एकटी फुगवी. दात नसल्यामुळे ओठ घट्ट बसतात, असं तिचं म्हणणं होतं.

दुसरी बंदूक मोडून बघताच मास्तरांचा चेहरा उजळला. जर्मन, फार जुनी, तशी त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिली होती. पुढचे सहा दिवस भिंतीपलीकडे गाणी चालली होती. जुन्या लष्करी बुटाचं चामडं कापून त्यांनी नवी वॉशरं केली, तेलात मुरवली, स्प्रिंगा बदलल्या. आणि मग त्यांना कळलं की दोन्ही बंदुकांच्या माश्या वाकड्या आहेत. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारका उंचवटा, जो बघून नेम धरतात.

"हे आपोआप झालेलं नाही," ते मला म्हणाले. "कुणीतरी हातोडी मारून वाकवलीय. डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढी. कसला माणूस असेल हो?"

मला शंका आली होती कसला असेल, पण मी गप्प बसलो. त्यांनी दोन्ही माश्या सरळ केल्या. जत्रेच्या आदल्या दिवशी सोनाबाई आल्या तेव्हा म्हणाले, "बाई, आता आंधळ्यानं मारली तरी लागेल." सोनाबाई घाईत होत्या. त्यांनी हात जोडले आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारचे चार वाजले असतील. बोळात आरडाओरडा ऐकून मी बाहेर आलो. सोनाबाई दोन्ही बंदुका घेऊन मास्तरांच्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

"मास्तर, तुमी माजं वाटूळं केलं!"

"काय झालं? स्प्रिंग गेली?"

"स्प्रिंग कशाला जातीया! समदी लागायला लागली! साबनाच्या वड्या गेल्या, फन्या गेल्या, आरसं गेलं. आळंदीचं येक कुटुंब आलं व्हतं, सात मान्सं, त्येंनी वरीसभराचा साबन नेला. येक आजी डोळं मिटून मारत व्हती, तिला बी लागला! बाराला दुकान मोकळं!"

"मग बंदूक चांगली झाली ना?" मास्तर गोंधळून म्हणाले.

"चांगली झाली म्हनूनच तर! दोन दिसांच्या जत्रंवर आमी चार म्हैनं काडतो. मालकांनी वाकडी करून ठिवली व्हती ती काय खुळं म्हनून? करा परत वाकडी."

"बाई, काय बोलताय?"

"तांदळायेवढी. जशी व्हती तशी."

"ते माझ्यानं व्हायचं नाही."

"का न्हाई? सरळ करता येती आन वाकडी करता येत न्हाई? कसलं कारागीर तुमी?"

"हात वळणार नाही माझा."

"माजा वळंल!" म्हणून सोनाबाईंनी दारातला दगड उचलला. मास्तरांनी झडप घालून ती जर्मन बंदूक पोटाशी धरली आणि पाठ करून उभे राहिले. "मला मारा," ते म्हणाले. "मारा. हिला हात लावू नका."

सोनाबाईंनी दगड खाली टाकला आणि उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं. "उद्याचा दिस ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. "म्हातारीला काय सांगू? ती तितं फुगं फुगवीत बसलीया."

कुसुमने त्यांना पाणी दिलं. त्या बंदुका घेऊन गेल्या, दोन्ही सरळच. मास्तर तिन्हीसांजेपर्यंत दारात बसून होते. शेवटी आमच्याकडे आले.

"वहिनी, तुमची कपडे वाळत घालायची दोरी द्याल का? उद्यापुरती."

"देते की. कशाला?"

"अंतर मोजायचंय," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आणि कुसुम जत्रेला गेलो. सोनाबाईंच्या दुकानापुढे हीऽऽ गर्दी. दुकान म्हणजे एक मोठी फळी, तिच्यावर खिळ्यांना बांधलेले फुगे. पण लोक उभे होते ते नेहमीसारखे सात-आठ पावलांवर नाही, पार मागे. दोन खुंट्यांना दोरी ताणून हद्द घातली होती.

"अहो, ती आपली दोरी!" कुसुम म्हणाली.

फळीपासून ती अठरा पावलं होती. बक्षीस एकच: सोनाबाईंच्या गाडीचा कंदील, घासून लख्ख केलेला. तीन छऱ्यांत तीन फुगे फोडील त्याचा. बाजूला उभ्या असलेल्या एकाने मला सांगितलं, सकाळपासून लोक येतात, अंतर बघतात आणि हसून निघून जातात. एवढ्या लांबून फुगा लागतो होय? फसवायचा धंदा आहे. मग मास्तर पुढे झाले, म्हणाले, मी मारून दाखवतो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! पयला चुकला की राव! नळीमास्तर चुकला!"

मी माणसं बाजूला करून पुढे गेलो. जगदाळेमास्तर दोरीशी उभे होते, हातात ती जर्मन बंदूक. नेम धरला. चाप ओढला. फुगा तसाच हलत राहिला. लोकांत हशा पिकला. पुन्हा भरली, पुन्हा मारली. फुगा तसाच. मी पाहत असताना त्यांनी पाच छर्रे मारले आणि पाचही चुकले. कुणी शिट्टी मारली. कुणी ओरडलं, "मास्तर, फुगा जरा जवळ आनू का?" ज्या माणसाने माझ्यादेखत तीन दसरे देठ तोडले होते त्याला समोरचा लाल फुगा, नारळाएवढा, लागत नव्हता. मला मान वर करवेना. कुसुमने माझा दंड धरला होता.

मास्तरांनी बंदूक खाली ठेवली. डोळा चोळला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नजर गेली आमची. आता हे तरण्या माणसांचं काम."

त्यानंतर काय झालं ते बघण्यासारखं होतं. जिथे नळीमास्तर चुकला तिथे आपण मारायचा, ही गोष्ट त्या गर्दीतल्या एकेकाच्या अंगात शिरली. सर्वांत आधी मोशीचे धोंडिबा बाह्या सारून पुढे आले. "सरका, मास्तर. बगा आता." त्यांचे तिन्ही गेले. "वारं हाय," ते म्हणाले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. रांग उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापर्यंत गेली. मधूनच कुणाचा एखादा फुगा फुटे आणि दोस्त त्याला खांद्यावर घेऊन नाचत, "मास्तरापरीस भारी! मास्तरापरीस भारी!" तीनच्या तीन मात्र कुणाला जमले नाहीत. बंदुका सरळ होत्या, अंतर उघड होतं. कुणाला तक्रारीला जागा नव्हती. उन्हं कलेपर्यंत म्हातारीचा फुगे फुगवायचा दम संपला, पण रांग संपली नाही. कंदील शेवटी गाडीलाच टांगला गेला.

मास्तर दिवसभर तिथेच एका खोक्यावर बसून होते. येणारा-जाणारा टोमणे मारत होता आणि ते मान डोलवत होते.

लोक पांगले. सोनाबाई सामान भरत होत्या. फळी जड होती म्हणून मी एका बाजूने हात लावला. म्हातारी फळीवरचे खिळे चाचपत काढत होती. ती मध्येच थांबली.

"सोने, हितं येवढं भोक कसलं गं? म्हाजी करंगळी जातीया."

मी वाकून पाहिलं. फळीभर छऱ्यांच्या खुणा पसरल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे. आणि मधल्या लाल फुग्याच्या खिळ्यापासून वीतभर डावीकडे एकच खोल भोक होतं. आत छऱ्यावर छर्रा बसून शिशाची गोळी झाली होती. मी मास्तरांकडे बघितलं. ते कुसुमची दोरी गुंडाळत होते, एकेक वेढा मोजून. सोनाबाईंनीही भोक पाहिलं. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि फळी स्वतःच उचलून गाडीत ठेवली, ते भोक आतल्या बाजूला करून.

परत येताना आम्हाला एका गाडीत जागा मिळाली. कुसुम पुढे बायकांत बसली होती. मी मास्तरांच्या कानाशी म्हटलं, "पाचही एका भोकात, मास्तर."

ते दचकले. "कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. वहिनींनासुद्धा नको." गाडी बरीच पुढे गेली. इंद्रायणीकडून गार वारा येत होता. मला वाटलं त्यांना झोप लागली. मग ते खाकरले. "पाच नाही," ते म्हणाले. "सहा होते. पहिला तुम्ही यायच्या आधीचा."

आठ दिवसांत ही बातमी सगळीकडे झाली की नळीमास्तरची नजर गेली. नजर गेलेल्या माणसाकडे बंदूक कोण देणार? बरीच गिऱ्हाइकं पुण्याला जाऊ लागली, आणि दसऱ्याला चिंचेखाली उभं राहणंही मास्तरांनी सोडलं. सोनाबाई मात्र दर वर्षी जत्रेआधी आठ दिवस बंदुका आणून द्यायच्या, आणि मी तिथे होतो ती पुढची तिन्ही वर्षं मास्तर जत्रेला जाऊन न चुकता सहा वेळा चुकत होते.

कुसुम मात्र फार हळहळली. एकटा माणूस, उद्या दिसेनासं झालं तर कोण बघणार, म्हणून तिने त्यांना दर रविवारी जेवायला बोलावायला सुरुवात केली. डोळ्यांना चांगलं म्हणून गाजराची कोशिंबीर, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वर गायीचं तूप. पहिल्या रविवारी मास्तर पाटावर बसले आणि ताटाकडे बराच वेळ बघत राहिले. इतकी वर्षं ते आपली भाकरी आपण थापून, ओट्याशी उभ्याने खात आले होते. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी घास घेतला.

"काही फरक वाटतो का हो मास्तर?" कुसुम दर रविवारी विचारायची.

मास्तर दोन्ही डोळे मोठे करून खिडकीबाहेर बघायचे, आणि कोशिंबिरीची वाटी पुढे करून म्हणायचे, "थोडा वाटतोय, वहिनी. पण अजून काही रविवार लागतील."